‘गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गरिबांविषयीच्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मनापासून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: श्रद्धा मनःशांतीसाठी असते, कष्टाने मिळवलेल्या सुखाबद्दल माणसाला अपराधी वाटायला लावणं हे राजकारण झालं, आणि ‘गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत’ असं खुद्द प्रभू येशूच म्हणाला.

म्हणाला खरा. पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (14:7) लगेच पुढे आहे की वाटेल तेव्हा तुम्हाला त्यांचं भलं करता येईल. ऐकणाऱ्यांना जुन्या करारातलं नियमशास्त्र पाठ होतं. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात, दर सातव्या वर्षी कर्ज माफ करण्याच्या नियमाजवळच, हेच वाक्य येतं: देशात दरिद्री कायम असणार, म्हणून गरजू बांधवासाठी हात सैल सोड. या ‘म्हणून’वरच सगळा भार आहे, आणि आपण नेमके त्याच्या अलीकडे थांबतो.

सुखाविषयी तुमचं बरंचसं मला मान्य आहे. येशू मेजवान्यांना जायचा, जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराकडे उतरला. प्रेषित पौलाने तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्टच लिहिलं की इतरांना आराम आणि तुम्हाला ओझं असं नको, समानता हवी. तेव्हा स्वतःला कष्ट करून घ्या, असं मी म्हणतच नाही. फक्त जक्कयाचं घर त्या दिवसानंतर पहिल्यासारखं राहिलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत.

माझा मुद्दा येशूने सांगितलेल्या, श्रीमंत माणूस आणि भिकारी लाजर यांच्या दृष्टांतात आहे (लूकचं शुभवर्तमान, अध्याय 16). त्या श्रीमंताने चोरी केली, लाजराला मारलं, हाकललं, असं काहीच तिथे नाही. तो जांभळी वस्त्रं नेसायचा, रोज चैनीत जेवायचा, एवढंच. दाराशी लाजर पडलेला, अंगभर फोड, कुत्री ते चाटायची. मेल्यावर यातनांत पडलेला श्रीमंत पूर्वज अब्राहामाला म्हणतो, लाजराला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे. म्हणजे नाव माहीत होतं! रोज जाता-येता दिसणारा माणूस त्याला नावानिशी ठाऊक होता, आणि तिथेही त्याच्याकडून सेवाच हवी होती. मला भीती वाटते ती सुखाची नाही, या अंतराची.

चौथ्या शतकातला बिशप बासिलही सुखवस्तू घरातलाच. कप्पदुकियात (आजच्या तुर्कस्तानात) 369 च्या सुमाराला दुष्काळ पडला तेव्हा त्याने भुकेल्यांना एकत्र आणलं, सूपाच्या कढया मांडल्या आणि स्वतः वाढायला उभा राहिला. पुढे कैसरियाबाहेर गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली. माणसं पाठवून त्याचं भागलं असतं. तो स्वतः गेला.

राहिला राजकारणाचा आरोप. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो बिशपच्या प्रशस्त निवासाऐवजी कर्करोग्यांच्या इस्पितळाच्या आवारात राहिले. 23 मार्च 1980 च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना सांगितलं, आपल्याच शेतकरी बांधवांना मारू नका, हे दमन थांबवा. दुसऱ्याच दिवशी त्या इस्पितळाच्या चॅपलमध्ये मिस्सा (उपासनाविधी) चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या त्या बोलण्यात शुभवर्तमान कुठे संपतं आणि राजकारण कुठे सुरू होतं, ती रेघ मला ओढता येत नाही. तुम्हाला येत असेल तर जरूर लिहा, मी आस्थेने वाचेन.