रुसावं कसं, आणि कुणापुढे

मांडवात रुसून बसलेल्या जावयाला काय हवंय हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक असतं. घड्याळावर भागेल की मोटारसायकलीपर्यंत जावं लागेल, एवढाच काय तो प्रश्न. आपण मराठी माणसं या कलेत उपजत तयार, पण ती आपण लग्नापुरती ठेवली. (लगेच आपल्याकडचं कुणी आठवून हसू नका, आजचा विषय काबूलचा आहे.) राजकारणात उतरायचं मनात असेल आणि मतं कमी पडायची सवय असेल, तर डॉ. अब्दुल्ला अब्दुल्लांचा अभ्यास करा. अफगाणिस्तानच्या अध्यक्षपदासाठी तीनदा लढले, तीनदा हरले, आणि त्यातल्या दोन पराभवांवर त्यांनी अशी दोन पदं मिळवली जी देशाच्या घटनेत शोधून सापडत नाहीत.

पूर्वतयारीपासून सुरू करा. आईवडील निवडताना चोखंदळ राहा. डॉक्टरांचे वडील कंदहारचे पश्तून आणि आई पंजशीरची ताजिक (अफगाणिस्तानातल्या या दोन मोठ्या जमाती), म्हणजे कागदावर दोन्ही घरचा पाहुणा. प्रत्यक्षात पश्तून मतदार त्यांना ताजिकच धरायचा. मग काबूलला वैद्यकीचं शिक्षण घ्या, डोळ्यांचे डॉक्टर व्हा. (यावर दूरदृष्टीच्या कोट्या करू नका, त्या सगळ्या करून झाल्यात.) रशियन फौजा देशात असतानाच १९८५ च्या सुमारास पंजशीर खोऱ्यात रशियनांशी लढणाऱ्या बंडखोरांचा म्होरक्या अहमदशाह मसूदकडे जा. तिथे बंदूक चालवणाऱ्यांची ददात नव्हती. परदेशी पत्रकार दऱ्याखोऱ्या तुडवत आला की त्याच्याशी इंग्रजीत नीट बोलणारा माणूस मात्र लागायचा. तो माणूस तुम्ही व्हा. जखमींना मलमपट्टी करणारे मागे राहतात, मुलाखतीत दुभाषा म्हणून शेजारी बसणारे फोटोत येतात.

नावाचंही पाहा. मूळ नाव नुसतं अब्दुल्ला. परदेशी संपादकांना नाव आणि आडनाव असे दोन रकाने भरायचे असायचे, म्हणून तेच नाव दोनदा लिहिलं गेलं. माणसाने एवढं लवचीक असावं. आपल्याकडे आडनावाचं स्पेलिंग चुकलं तर लोक लग्नाची पत्रिका परत छापून घेतात.

१९९६ साली तालिबानने काबूल घेतलं. मसूदच्या गटाकडे देशाचं ईशान्येकडचं एक टोक उरलं, पण संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची त्यांच्याच सरकारकडे होती. अब्दुल्ला या सरकारचे परराष्ट्रमंत्री झाले. स्वतःचा बहुतेक देशच ज्याच्यासाठी परराष्ट्र होता असा परराष्ट्रमंत्री! या काळात शिलाई उत्तम असलेला सूट घालायची सवय लावून घ्या, पुढे उपयोगी पडते.

९ सप्टेंबर २००१ ला पत्रकार म्हणून आलेल्या दोघांनी बॉम्बस्फोट करून मसूदला मारलं. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि जगाला पंजशीरकरांची निकड भासली. जर्मनीतल्या बॉनच्या बैठकीतून निघालेल्या हंगामी सरकारात अब्दुल्ला पुन्हा परराष्ट्रमंत्री, या वेळी देशासकट. २००६ मध्ये अध्यक्ष हमीद करझाईंनी त्यांना वगळलं. इथून विरोधी पक्षनेत्याची कारकीर्द सुरू होते. प्रचाराच्या फलकावर आपल्यामागे मसूदचा फोटो लावायचा. दिवंगत नेता कुणाच्याही मागे उभा राहतो, तक्रार करत नाही.

पहिली निवडणूक २००९ ची. तिच्यात आपण चुका करतो, तशा त्यांनीही केल्या. करझाईंची लाखो मतं बनावट म्हणून बाद झाली आणि ते ५० टक्क्यांच्या किंचित खाली आले. जॉन केरी नावाचे अमेरिकन सिनेटर काबूलला येऊन करझाईंना दुसऱ्या फेरीसाठी राजी करून गेले. आता रुसायची उत्तम वेळ होती, आणि अब्दुल्ला रुसलेही. पण मागितलं काय? तर निवडणूक आयोगाचा प्रमुख बदला! करझाई नाही म्हणाले. १ नोव्हेंबरला अब्दुल्लांनी माघार घेतली, दुसऱ्या दिवशी आयोगाने फेरीच रद्द करून करझाईंना विजयी ठरवलं. हाती काय, तर तत्त्व. नवशिक्याने हे पाठ करून ठेवावं: रुसताना मागणी स्वतःसाठी असावी. व्यवस्था सुधारा म्हणणाऱ्या जावयाला कुणी मोटारसायकल देत नाही.

२०१४ पर्यंत हात बसला. एप्रिलच्या पहिल्या फेरीत अब्दुल्लांना ४५ टक्के, प्रतिस्पर्धी अश्रफ घनींना ३१ च्या वर थोडी. जूनच्या दुसऱ्या फेरीची मतं मोजली तर घनी बरेच पुढे. अब्दुल्लांच्या गटाने फोनवरच्या संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. त्यांचं म्हणणं असं की आयोगाचा एक बडा अधिकारी ‘मेंढ्या डोंगरात न्या, भरून परत आणा’ अशा अर्थाचं बोलतोय, आणि मेंढ्या म्हणजे मतपेट्या. अधिकाऱ्याने फिती खोट्या ठरवल्या आणि राजीनामा दिला. समर्थकांनी सभेच्या तंबूतली करझाईंची तसबीर ओरबाडून खाली काढली, समांतर सरकारची भाषा सुरू झाली. केरी पुन्हा विमानात बसले. आता ते परराष्ट्रमंत्री होते. रुसव्याच्या शास्त्रात याला बढती म्हणतात.

मग देशभरातली सगळी, म्हणजे ८० लाखांच्या आसपास मतं तपासायचं ठरलं. पेट्या काबूलला आणून गोदामांत रचल्या. टेबलाच्या एका बाजूला यांचा माणूस, दुसऱ्या बाजूला त्यांचा, समोर चिठ्ठ्यांची चळत. एकाच हाताने एकाच पेनाने एकसारखी खूण किती चिठ्ठ्यांवर केलीय हे बघायचं, आणि मधूनमधून एकमेकांच्या गळपट्ट्या धरायच्या. उन्हाळाभर हे चाललं. मतदानाच्या दिवशी हेरात प्रांतात अकरा म्हाताऱ्यांची बोटं तालिबानने कापली होती, मतदानाची शाई लागलेली. त्यांची मतंही या चळतींतच कुठेतरी असणार. २१ सप्टेंबरला निकाल लागला. घनी विजयी, आणि कुणाला किती मतं पडली ते सांगितलं नाही. आकडा सांगितला तर रुसवा परत निघेल ही भीती. मेहनत घेणाऱ्याने अशा तपशिलात अडकू नये.

अब्दुल्लांना मिळालं मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद. देशाला सीईओ! घटनेत असं पद नव्हतं, म्हणून दोन वर्षांत लोया जिरगा (देशभरच्या प्रतिनिधींची महासभा) भरवून त्याचं पंतप्रधानपद करायचं ठरलं. दोन वर्षं गेली, जिरगा काही भरला नाही. पण तुम्ही खचू नका, या टप्प्यावरचं खरं कौशल्य वेगळंच आहे. सरकारात राहून सरकारला विरोध करायचा. ऑगस्ट २०१६ मध्ये सीईओ साहेबांनी जाहीर तक्रार केली, की तीन महिन्यांत अध्यक्षांना मला एकट्याला भेटायला तास-दोन तासही मिळत नाहीत, मग हे महाशय वेळ घालवतात कशात? दोघांची कार्यालयं शेजारशेजारच्या राजवाड्यांत. एकाच चाळीत राहून पोस्टाने पत्र पाठवणाऱ्या भावांची आठवण होते की नाही?

२०१९ ला पुन्हा तेच दोघे. या वेळी जेमतेम १८ लाख मतं मोजली गेली, निकालाला पाच महिने लागले. घनींना ५०.६४ टक्के. अब्दुल्लांना हे मान्य नव्हतं, आणि ९ मार्च २०२० ला काबूलने जे पाहिलं ते आपल्या नशिबी लग्नसराईतही येत नाही: एकाच मुहूर्तावर, शेजारशेजारच्या दोन मांडवांत, एकाच पदाचे दोन शपथविधी. परदेशी पाहुणे घनींकडे. तिथे भाषण चालू असताना रॉकेटांचे आवाज झाले, काही मंडळी उठून पळाली. घनींनी कोट उघडून दाखवला, आत चिलखत नाही, नुसता शर्ट आहे, मस्तक गेलं तरी इथून हलणार नाही. टाळ्या पडल्या. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

दोन आठवड्यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री माईक पॉम्पिओ आले, दोघांना भेटले, जमलं नाही तेव्हा एक अब्ज डॉलरची मदत कापली आणि गेले. सासऱ्याने पाकीट खिशात घातलं की मोठमोठे रुसवे निवळतात. १७ मेला समझोता झाला. अब्दुल्लांना राष्ट्रीय समेटाच्या उच्च परिषदेचं अध्यक्षपद मिळालं, निम्मं मंत्रिमंडळ मिळालं, सोबतीच्या उझबेक सरदार जनरल दोस्तुमला मार्शल हा हुद्दा मिळाला. परिषदेचं काम तालिबानशी समेट घडवण्याचं. शेजारच्या राजवाड्याशी समेट करायला ज्यांना तीन महिने लागले, त्यांच्यावर चाळीस वर्षांचं युद्ध मिटवायची जबाबदारी. अनुभव होता, नाही कसं म्हणणार?

१५ ऑगस्ट २०२१ ला मस्तक देणारे घनी देश सोडून गेले. अब्दुल्लांनी चित्रफीत काढून सांगितलं, ‘माजी’ अध्यक्ष निघून गेलेत. ‘माजी’ हा शब्द उच्चारायला त्यांनी सात वर्षं वाट पाहिली होती, आणि तो उच्चारता आला त्या दिवशी ज्याच्यावर रुसायचं तोही नव्हता आणि समजूत काढायला येणारं विमानही नव्हतं. विमानं होती, पण ती लोकांना घेऊन निघालेली.

तरीही ते काबूलमध्येच राहिले, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवा, पुष्कळांनी तेवढंही केलं नाही. तीन दिवसांनी करझाईंसोबत बसून त्यांनी तालिबानच्या अनस हक्कानीची भेट घेतली. सर्वसमावेशक सरकारची बोलणी, असं सांगण्यात आलं. ७ सप्टेंबरला तालिबानने आपलं हंगामी सरकार जाहीर केलं. मी ती यादी उत्सुकतेने शेवटपर्यंत वाचली. सगळी नावं त्यांचीच होती, आणि खाली पुरवणी वगैरे काही नव्हती.