जर्सीवरचं नाव आणि पासबुकातली एन्ट्री

मला आता या लोकांची चीड येते. पडद्यावरच्यांची येते, क्रिकेटवाल्यांची येते आणि मोबाइलमध्ये तोंडभर हसून 'लिंक बायोमध्ये दिलीय' म्हणणाऱ्यांची तर सगळ्यात जास्त येते. असं बोललं की आमच्याकडे लगेच विचारतात, 'तुला काय त्यांचं बघवत नाही का?' म्हणून नीट सांगते. त्यांच्या बंगल्याचं, गाड्यांचं, लग्नांचं मला काही नाही. त्यांनी आपल्या मायेचा जो बाजार मांडलाय, त्याबद्दल मला बोलायचंय.

मी तालुक्याच्या गावात बँकेच्या काउंटरवर बसते. ऊसबिल जमा झालं की पासबुक छापायला रांग लागते. कुणीतरी काका पासबुक पुढे सरकवतात, मशीन कुरकुरतं आणि पानंच्या पानं सारख्या एन्ट्रींनी भरून बाहेर येतात. दोनशे, पाचशे, परत पाचशे, मग दोन हजार, सगळ्या यूपीआयनं गेलेल्या. समोर कुठल्यातरी गेमिंग कंपनीचं नाव. 'मॅडम, हे कुणाला गेलं ओ?' काका विचारतात. त्यांनी तर यूपीआय पोराला वीजबिल भरता यावं म्हणून सुरू केलेलं असतं. पोरगं मागे उभं असतं, मान खाली घालून. मी काय सांगायचं? वर्षभर शेतात राबून आलेलं बिल पोरानं मोबाइलवर पैसे लावून क्रिकेटची टीम लावण्यात आणि रमीत घालवलं, हे बापाच्या तोंडावर सांगायचं काम माझ्या वाट्याला का? ज्यांनी त्या पोराला 'खेळ, जिंकशील' म्हणून सांगितलं ते कुठे आहेत?

आणि सांगणारे कोण होते? गल्लीतला मटकेवाला नव्हता. मटकेवाल्याकडे जाताना पोराला निदान इकडेतिकडे बघावं लागतं, कुणी ओळखीचं दिसलं तर लाज वाटते. इथं सांगणारे भारतीय संघाचे खेळाडू होते. ज्यांचे फोटो भिंतीवर लावून पोरं झोपतात, ज्यांनी शतक मारलं की गावात फटाके वाजतात, ते होते. जुगाराला जी लाज चिकटलेली होती ती या माणसांनी आपल्या चेहऱ्यानं पुसून टाकली. कंपनीनं त्यांना पैसे नेमके त्यासाठीच दिले. फटकेबाजी शिकवण्यासाठी दिले नाहीत.

संघाच्या जर्सीवर छातीवर कुणाकुणाची नावं होती ते आठवून बघा. २०१९ ते २०२३ ऑनलाइन शिकवणीवाली बायजूज, मग २०२५ पर्यंत पैसे लावून टीम लावायचं अ‍ॅप ड्रीम इलेव्हन. बायजूजची जाहिरात शाहरुख खान करायचा. ती बघून पगारदार आईबापांनी पोरांच्या शिकवणीसाठी कर्जं काढली, शिकवणी पुरती झाली नाही तरी हप्ते चालू राहिले. कंपनीनं क्रिकेट मंडळाचे १५८ कोटी थकवले, तेव्हा मंडळ वकील घेऊन कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं आणि त्याच अर्जावर जुलै २०२४ मध्ये कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मंडळाला आपली थकबाकी दिसली. ज्या आईबापांनी जर्सीवरचं नाव बघून विश्वास ठेवला होता, त्यांच्यासाठी मंडळ कुठल्या न्यायाधिकरणात गेलं? आणि त्यानंतर आलेल्या नावाचं काय झालं? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला आणि ते नाव जर्सीवरून उतरलं. तेव्हा सरकारनंच अंदाज सांगितला होता की देशात ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये घालवतात. हे पैसे आकाशातून पडलेले नाहीत. ते माझ्या काउंटरसमोरच्या रांगेतले आहेत.

सचिनबद्दल लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. आमच्या पिढीनं त्याच्यासाठी बारावीचा अभ्यास सोडून मॅच बघितल्या. तो बाद झाला की घरातले टीव्ही बंद व्हायचे. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर त्यानं तंबाखू आणि दारूची जाहिरात कधी केली नाही, हे आम्ही पोरांना अभिमानानं सांगत आलो. मग ऑनलाइन गेमिंगच्या अ‍ॅपची कशी काय केली? ३१ ऑगस्ट २०२३ ला तेव्हाचे आमदार बच्चू कडू वांद्र्याला त्याच्या घरासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, ही जाहिरात सोडा नाहीतर भारतरत्न परत करा. तेव्हा आमच्या ऑफिसात निम्मे लोक कडूंवर चिडले. 'सचिनला बोलायची यांची लायकी आहे का?' म्हणे. मी त्या दिवशी गप्प बसले नाही. भारतरत्न देशानं दिलंय, म्हणजे आपण दिलंय. विचारायची लायकी आपल्याच प्रत्येकाची आहे.

आता वेलचीचं बघा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर विचारा, पाठीमागच्या खोक्यातून पुडी निघते. पुडीवरचं नाव आणि टीव्हीवरच्या 'वेलची'चं नाव एकच. वेलची खायला कोण शाहरुख खान आणि अजय देवगणला कोट्यवधी रुपये देईल? पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की जाहिरात कशाची आहे. हे न कळायला ते दोघं अडाणी आहेत का? २०२२ मध्ये अक्षय कुमारही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. हाच माणूस थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी नंदूला सिगारेट सोडायला सांगायचा, सरकारी जाहिरातीत! तिघेही पद्मश्री. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बसलेली कुटुंबं कुणीही जाऊन बघावीत, त्यातली कितीतरी आमच्या सांगली-सोलापूर भागातली असतात. जबडा काढलेला माणूस नळीनं दूध पितो आणि त्याची बायको माझ्याकडे सोनेतारणाचा फॉर्म भरायला येते. मी स्वतः तिचं मंगळसूत्र वजनकाट्यावर ठेवलेलं आहे. त्या वेळी समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या पाठीवर त्या हिरोंचा हसरा चेहरा असतो. मग मला चीड येऊ नये?

मोठ्यांनी वाट घालून दिली, तिच्यावर आता बारके निघालेत. आमच्या तालुक्यातच किती रीलस्टार आहेत. बैलगाडा शर्यत, यात्रा, लावणी, शेतातली जोडपी, सासू-सुनेच्या गमती. सुरुवात चांगली असते, ते मी मान्य करते. आपल्या भाषेत, आपल्या मातीतलं कुणी बोलतंय याचं कौतुक वाटतं म्हणून लोक फॉलो करतात. आणि एकदा लाखभर लोक जमले की स्टोरीत येतं 'कलर ट्रेडिंग', 'विमान उडवा, पैसे काढा', 'या दादांच्या टेलिग्राम चॅनलला जॉइन व्हा, माझे आज सात हजार झाले'. तो सात हजारांचा स्क्रीनशॉट खोटा असतो. हे त्यालाही माहीत असतं. पण त्याच्यावर भरवसा ठेवणारी बाई त्याच्याच शेजारच्या गावची असते. बचतगटातून उचललेले पैसे ती त्यात टाकते. यात्रेत भेटला तर ती त्याच्या पाया पडेल, इतकी तिची माया! अशा माणसाला लुटताना हात कसा धजतो?

शेअर बाजाराचे गुरू तर वेगळंच प्रकरण आहे. भाड्याची गाडी, मागे समुद्र, आणि 'नोकरी सोडा, ऑप्शन्स करा'. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडेच मांडले: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे भाव पुढे वर जाईल की खाली यावरचे सौदे, करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. कोर्स विकणारा मात्र तोट्यात जात नाही, कारण त्याची कमाई बाजारातून येत नाही, फीमधून येते. एवढं साधं गणित आमच्या पोरांना कुणी सांगत नाही आणि सांगितलं तर ते म्हणतात, 'तुम्हाला काय कळतंय, त्यांचे दहा लाख फॉलोअर्स आहेत.'

आणि ही माया किती आंधळी असते, ती जीव कसा घेते, तेही आपण बघितलंच की. ४ जून २०२५, बंगळुरू. आयपीएलचा चषक बघायला गेलेली अकरा माणसं चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर चेंगरून मेली. बहुतेक तरुण, एक शाळकरी मुलगीसुद्धा. बाहेर ही परिस्थिती, आणि आत सत्कार चालूच राहिला. त्याच्या सहाच महिने आधी हैदराबादला एका सिनेमाच्या खास खेळाला हिरो आला, त्याला बघायला गर्दी उसळली आणि एक आई गेली. तिचं लेकरू कित्येक महिने दवाखान्यात. मुंबईत ४ जुलै २०२४ ला विश्वचषकाच्या मिरवणुकीनंतर मरीन ड्राइव्हवर चपलांचे ढीग पडले होते, तिथंही बंगळुरू झालं असतं, नशिबानं टळलं. दर वेळी तेच होतं. 'दुःख झालं' म्हणून एक पोस्ट, मदतीचा आकडा जाहीर, आणि पुढच्या महिन्यात नवी जाहिरात. गर्दीला बोलावणारे गर्दीची जबाबदारी का घेत नाहीत? गर्दी नसती तर यांना विचारलं कुणी असतं?

कायदा आहे, नाही असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडला तर ५० लाखांपर्यंत, वर जाहिराती करायला पहिल्यांदा वर्षभरापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदी. जानेवारी २०२३ पासून रीलवाल्यांनीही पैसे घेऊन केलेली जाहिरात 'जाहिरात' म्हणून स्पष्ट लिहायची, असं केंद्र सरकारनं सांगितलंय. कोण लिहितं? कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एखादा हॅशटॅग, तोही इंग्रजीत. आणि दहा लाख ही रक्कम या लोकांना शिक्षा वाटते का? एका दिवसाच्या चित्रीकरणाचे ते त्याच्या कितीतरी पट घेतात. माझ्याकडे पीककर्जाचा एक हप्ता चुकला की शेतकऱ्याला नोटीस जाते, जामीनदाराच्या दारात माणूस जातो. जामीनदारानं काय केलेलं असतं? फक्त सही. 'हा माणूस विश्वासाचा आहे' एवढंच त्यानं सांगितलेलं असतं, आणि ते खोटं ठरलं की त्याला स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. हिरो आणि क्रिकेटर जाहिरातीत नेमकं तेच सांगतात. मग त्यांच्या दारात वसुलीला का कुणी जात नाही?

आता मात्र लोक उठायला लागलेत, हे मला दिसतंय. वेलचीच्या जाहिरातीखाली लोक उघड लिहितात. आमच्या भिशीत पूर्वी हिरोइनींच्या साड्यांवर तास जायचा, आता बायका म्हणतात, 'जाऊ दे गं, सगळं पैसे घेऊन बोलतात.' माझ्या भाच्यानं ज्या रीलस्टारला तीन वर्षं डोक्यावर घेतलं होतं, त्याला एका झटक्यात काढून टाकलं, कारण मित्राचे पैसे बुडाले. उशिरा का होईना, डोळे उघडतायत. आणि लोकांनी धरून ठेवलं की यांना मागे हटावंच लागतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांनी कमला पसंद या पान मसाल्याच्या ब्रँडची जाहिरात सोडली आणि घेतलेलं मानधन परत केलं. अक्षय कुमारला लोकांनी इतकं सुनावलं की एप्रिल २०२२ मध्ये त्यानं माफी मागितली, मिळालेले पैसे चांगल्या कामाला देईन म्हणाला. ते आपल्या आरडाओरड्यामुळेच झालं, कुठल्या कोर्टामुळे नाही.

तर मग बाकीच्यांचं काय? रमीच्या, टीम लावायच्या, पैजेच्या अ‍ॅपची जाहिरात ज्यांनी ज्यांनी केली, त्या प्रत्येकाला मी विचारते. ज्या धंद्यावर संसदेनं बंदी घातली, त्या धंद्यातून आलेला पैसा तुमच्या खात्यात अजून कसा पडून आहे? बच्चनना परत करता आला, तर तुम्हाला का नाही? माझ्या रांगेतल्या काकांना तो हवाय. त्यांच्या खात्याचा नंबर माझ्याकडे आहे.