मांगा सुचवताय? मग संपलेली सुचवा

ग्रुपवर एका मित्राने विचारलं, "मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचून बघायचीय, सुरुवात कुठून करू?" खाली उत्तरांची रांग लागली. वन पीस. नारुतो. वन पीस. ब्लीच. परत वन पीस. आज त्या बापड्याने फोटो टाकलाय. वन पीसचा पहिला खंड, बाजूला चहा, आणि वर ओळ: "दहा पानं वाचली. आधी उत्तर येतं, मग प्रश्न. जपान्यांना साष्टांग दंडवत." त्यावर हसणाऱ्या इमोजींचा पाऊस. एकाने तर शेरा मारला, कार्टूनच ते, पोरांना देऊन टाक.

मित्रावर राग नाही. पुस्तक जसं आपण सगळे उघडतो तसं त्याने उघडलं, डावीकडून. राग आहे तो सुचवणाऱ्यांवर. १९९७ पासून चालू असलेली, शंभरावर खंड झालेली मालिका नवख्याच्या गळ्यात मारायची आणि पान कुठल्या बाजूने उलटायचं एवढंही सांगायचं नाही? वन पीस चांगली आहे, मान्य. पण पोहायला शिकणाऱ्याला कुणी थेट भर समुद्रात ढकलतं का?

तर आधी वाचायचं कसं ते. पुस्तकाचा कणा उजव्या हाताला येईल असं धरा. आपल्याला जे मागचं कव्हर वाटतं तेच मुखपृष्ठ. उघडल्यावर आधी उजवं पान, मग डावं. पानावर वरच्या ओळीतल्या चौकटी उजवीकडून डावीकडे, मग खालची ओळ. एका चौकटीत दोन फुगे असतील तर उजवीकडचा माणूस आधी बोलतो. गोंधळ झाला तर चौकटींमधल्या मोकळ्या पट्ट्या बघा. एकाच ओळीतल्या दोन चौकटींमधली पट्टी बारीक असते, वरच्या आणि खालच्या ओळीतली रुंद. ही रुंदी काही उगाच नसते, डोळ्याला आधी आडवं न्यायचं आणि मग खाली उतरवायचं हे काम ती पट्टी करते. चौकटींच्या भोवतीची जागा काळी असेल तर बहुतेक वेळा जुनी आठवण चालू आहे असं समजा.

आणखी एक. चांगला चित्रकार खटका ठेवतो तो डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. दार वाजतं, कुणीतरी मान वळवतं, आणि तुम्ही पान उलटता. उत्तर पुढच्या उजव्या पानावर. फोनवर एकेक पान सरकवत वाचलं की हा सगळा खेळ जातो, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध कापलं जातं. फोनवरच वाचायचं तर आडवा धरा, दोन पानं एकत्र दिसतील असं सेटिंग करा. जमलं तर टॅबवर वाचा. आणि उजवीकडून डावीकडे हा पर्याय निवडलाय ना, ते तपासा. वरून खाली ओढत वाचायचं सेटिंग वेबटूनसाठी, म्हणजे फोनसाठीच काढलेल्या उभ्या कॉमिक्ससाठी, ठीक आहे, इथे ते बंद करा.

आता लांबी. वन पीस ज्यात येते ते शुएइशा या प्रकाशनाचं शोनेन जंप हे मांगाचं नियतकालिक १९६८ ला सुरू झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्याचा खप ६५ लाखांच्या वर गेला होता. त्यात एका मालिकेला आठवड्याला साधारण १९-२० पानं मिळतात. अंकासोबत वाचकांसाठी मतपत्रिका असायची, आवडलेल्या मालिका क्रमाने लिहून पाठवा म्हणून. मतं कमी पडली की काही महिन्यांत गाशा गुंडाळा. मतं भरपूर पडली की थांबायची सोय नाही, कारण अंक त्या मालिकेवर खपतो. म्हणजे कथा किती लांबणार हे कथेवर कमी आणि टपालावर जास्त ठरायचं. शत्रू हरला की त्याच्याहून मोठा शत्रू, तो हरला की त्याचा गुरू. हे नवख्याला कोण सांगणार? कुणीच नाही. उलट "पहिले पन्नास खंड काढ रे, मग मजा येते" असं तोंड वर करून सांगतात. पन्नास खंड! चारशे-पाचशे रुपयाला एक पडतो, गणित करा.

म्हणून माझा नियम साधा आहे. नवख्याला संपलेली मालिका द्यायची. लेखकाने स्वतः ठरवून संपवलेली.

पहिली प्लूटो. नाओकी उरासावा, २००३ ते २००९, खंड फक्त ८. ओसामू तेझुकाच्या अ‍ॅस्ट्रो बॉय या जुन्या मांगामधली सगळ्यात बलाढ्य रोबोची गोष्ट त्याने मोठ्यांची गुन्हेकथा म्हणून नव्याने मांडली आहे. गेजिश्ट हा युरोपोलचा, म्हणजे युरोपच्या पोलिसांचा डिटेक्टिव्ह, स्वतः रोबो, आणि जगातले सगळ्यात ताकदवान रोबो एकेक करून मारले जातायत. मूळ माहीत नसलं तरी काही अडत नाही. पहिल्याच खंडात नॉर्थ नंबर टू नावाच्या रोबोचा भाग आहे. स्कॉटलंडमधला एक आंधळा, खवट संगीतकार आणि त्याच्या घरी कामाला आलेला हा युद्धातला रोबो. अंगभर झगा, कारण आत हातांच्या जागी शस्त्रं आहेत. त्याला पियानो शिकायचाय. म्हातारा म्हणतो, यंत्राला संगीत काय कळणार. यापुढे सांगत नाही. त्या चौकटींमध्ये चेहरा जवळपास हलत नाही, फक्त झग्याची घडी आणि खिडकीतला उजेड बदलतो, तेवढ्यावर माणूस ढसाढसा रडू शकतो. "कार्टूनच ते" म्हणणाऱ्याला तेवढाच भाग वाचायला द्या. मग बोलू.

उरासावाचीच मॉन्स्टर. १९९४ ते २००१, १८ खंड, इंग्रजीत दोन-दोन एकत्र करून ९ जाड खंडांतही मिळते. घ्यायची तर तीच घ्या, पान मोठं आहे. ड्युसेलडॉर्फमधला जपानी मेंदूशल्यविशारद तेन्मा. डोक्यात गोळी लागलेलं पोर आधी आलंय, मागून शहराचा महापौर आला. वरून हुकूम, महापौराला घ्या. तेन्मा पोराचं ऑपरेशन करतो. पुढचे सगळे खंड त्या निर्णयाची किंमत. त्यात लुंगे नावाचा एक पोलीस अधिकारी आहे, समोरच्याचं बोलणं ऐकताना हवेत बोटं चालवतो, जणू कीबोर्डवर टाइप करतोय. त्याची आठवण तिथे साठते. आधी शब्दात सांगितलेली ही सवय, पुढे नुसती बोटं काढली की आपल्याला कळतं, याने नोंद घेतली. मधले काही खंड रेंगाळतात, हो, रेंगाळतात. पण प्रत्येक गावात भेटणारा नवा माणूस पुढे कुठेतरी कामाला येतो, तेव्हा पानं गाळू नका.

मित्राच्या फोटोकडे परत येतो, कारण दुपारी तो मोठा करून बघितला आणि दुसराच राग आला. व्हिझ या इंग्रजी प्रकाशकाच्या खंडात डावीकडून उघडलं की पहिलंच पान सांगतं, बाबा रे, चुकीच्या बाजूने आलास. मित्राला विचारलं, ते पान वाचलं नाहीस? म्हणाला, असलं पानच नाही. नसणारच. फुटपाथवरून दीडशे रुपयाला उचललेली प्रत होती ती, स्कॅन करून छापलेली.

ओळखायची कशी ते लिहून ठेवा. मांगात राखाडी रंग नसतो, असतात ते बारीक काळे ठिपके. पूर्वी ते चिकटणाऱ्या फिल्मवर येत, चित्रकार कटरने कापून लावायचे, आता बरेचसे संगणकावर होतं. छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांची जाळी दुसऱ्या जाळीवर बसते आणि लाटांसारखे पट्टे उमटतात, नाहीतर सगळा भाग काळाठिक्कर होतो. रात्रीचं आकाश किंवा कोटाची सावली बघा, तिथे चोरी लगेच पकडली जाते. दुसरी खूण आतला समास. कणा पूर्ण दाबूनही आतल्या बाजूच्या फुग्यांतली अक्षरं शिवणीत गिळलेली असतील तर प्रत खोटी. तिसरी, कागद पांढराशुभ्र पण इतका पातळ की मागचं चित्र पुढे दिसतं. हक्क आणि छपाईचं पान गायब किंवा धूसर, कण्यावरचं नाव जरा वरखाली, आणि दोन-तीनदा उघडलं की पानं सुटी. सत्तावीस खंडांचा संच तीन-चार हजारात कुणी देत असेल तर तो देणगी देत नाहीये. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला आतल्या पानाचा फोटो मागा, नुसतं कव्हर बघून पैसे भरू नका.

खरी पुस्तकं महाग आहेत, हे कबूल. मग शुएइशाचं मांगा प्लस अ‍ॅप आहे, २०१९ पासून. बहुतेक चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट आणि कायदेशीर. चव बघायला पुरतं. मात्र तिथे शुएइशाचंच मिळणार. प्लूटो, मॉन्स्टर आणि खाली येणारी सिल्व्हर स्पून शोगाकुकान या दुसऱ्या प्रकाशनाची, खालचीच फुलमेटल अल्केमिस्ट स्क्वेअर एनिक्सची. त्या अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका. एक विकत घ्या आणि चौघांत फिरवा.

फुलमेटल अल्केमिस्ट तर हवीच. हिरोमु अराकावा, २००१ ते २०१०, २७ खंड. मासिकात यायची, म्हणून प्रत्येक प्रकरण लांब आणि पोटभर, आठवड्याची धाप नाही. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात, एकाचा हात-पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यावं लागतं, हा नियम पहिल्या खंडात सांगितलाय आणि शेवटापर्यंत लेखिका स्वतःही त्यातून पळवाट काढत नाही. दुसऱ्या खंडात एक लहान मुलगी आणि तिचा कुत्रा येतात. जेवणानंतर लगेच वाचू नका.

पण माझ्या मनात अराकावाचीच सिल्व्हर स्पून वर आहे. खंड १५. बाई होक्काइडोच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या, स्वतःचं चित्र काढतात ते गाय म्हणून. साप्पोरोचा हाचिकेन नावाचा मुलगा घरापासून पळायचं म्हणून कृषी शाळेत येतो. तिथे डुकरिणीच्या पिल्लांत सगळ्यात बारकं, आचळापर्यंत न पोचणारं पिल्लू त्याला दिसतं. सगळे बजावतात, नाव ठेवू नकोस. तो ठेवतो, आणि ठेवतो काय, तर बुताडोन, म्हणजे भातावर डुकराचं मटण. पुढे काय होणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत, त्यालाही. सुट्टीत राबून मिळवलेल्या पैशातून तो ते मांस स्वतः विकत घेतो, बेकन करतो आणि वर्गाला खाऊ घालतो. रडारड करून डुक्कर वाचवायची सोपी वाट लेखिका घेत नाही आणि शाकाहार-मांसाहारावर प्रवचनही देत नाही. पुढच्या खंडांत कोमाबा या वर्गमित्राचं घर कर्जात बुडतं, गायी विकल्या जातात, पोरगा शाळा सोडतो. जामीन राहिलेल्या शेजाऱ्याला घोडे विकावे लागतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, खरं सांगतो.

खेळ आवडत असेल तर ताकेहिको इनोउए याची स्लॅम डंक. १९९० ते १९९६, ३१ खंड. बास्केटबॉलचा ब न कळणारा टारगट मुलगा पोरीसाठी संघात शिरतो. नियम त्याच्यासोबत तुम्हीही शिकता: ले-अप, रिबाउंड, मग शेवटच्या स्पर्धेआधी २०,००० शॉट्सचा सराव. इतकं गिरवल्यावर शेवटच्या सामन्यात शेवटच्या क्षणांना संवाद जवळपास नाहीतच. नुसते बूट, हात, घड्याळ. तोपर्यंत तुम्हाला खेळ इतका कळलेला असतो की शब्दांची गरजच पडत नाही. आणि ही मालिका त्याच शोनेन जंपमध्ये, ऐन भरात असताना संपली. म्हणजे थांबता येतं.

तेझुकाची बुद्धही घ्या. १९७२ ते १९८३, जपानीत १४ खंड, इंग्रजीत ८. इंग्रजी आवृत्तीत चित्रं उलटवून ती डावीकडून वाचायची केली आहे, त्यामुळे आमच्या मित्राला आयती सोय. बुद्धचरित्र ज्यांच्या घरात रोजच्या वाचनातलं आहे त्यांना चाप्रा, तत्ता अशी मनाने घातलेली पात्रं खटकतील, मधले थिल्लर विनोदही खटकतील, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण जातीच्या उतरंडीचा राग पहिल्या खंडापासून पानावर आहे. उघडी शरीरं बरीच आहेत, दहा वर्षांच्या पोराला भेट देऊ नका.

वयावरून आठवलं. "पोरांना दे" म्हणणाऱ्या गृहस्थांना कुणीतरी कळवा, की त्यांच्या घरी रोज लागणारा शिनचॅन १९९० मध्ये सुरू झाला तो मोठ्या पुरुषांच्या साप्ताहिकात. मांगा कुणासाठी हे ठरतं ती कुठल्या नियतकालिकात येते त्यावरून, चित्रातले डोळे किती मोठे यावरून नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, मग वॅगाबाँड का आवडते तुला? तीही इनोउएचीच, १९९८ ला सुरू, ३७ खंड, २०१५ पासून थांबलेली. बरं, आवडते. त्यातला तलवारबाज मुसाशी तलवार बाजूला ठेवून पडीक जमीन कसायला घेतो तो भाग मी कुणाशीही भांडून श्रेष्ठ ठरवीन. पण ती नवख्याला देत नाही. आधी प्लूटोचा पहिला खंड, आवडला तर उरलेले सात, मग सिल्व्हर स्पून, आणि वॅगाबाँड सगळ्यात शेवटी, ती अर्धवट आहे हे सांगून.

कॉमेंटमध्ये फुकट स्कॅनच्या साइटच्या लिंका टाकल्यात तर उडवीन. आणि नारुतो का नाही, हे विचारू नका.