कॅरियर घेता का, कॅरियर?

लांबच्या सायकलप्रवासाचं खूळ डोक्यात शिरलं की माणूस आधी सायकल घेतो, मग हेल्मेट, मग ती गादीवाली चड्डी. खिसा रिकामा झाल्यावर त्याला प्रश्न पडतो, सामान ठेवायचं कुठे? मला नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढीला जायचं होतं आणि कॅरियरसाठी दीड हजाराच्या वर एक रुपया नव्हता.

बर्डीवरच्या दुकानात सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरियर दाखवलं. दिसायला देखणं, पण असली कॅरियरं साधारण नऊ-दहा किलोच पेलतात. शिवाय बाजूला आधार नसला की लोंबत्या पिशव्या सरळ चाकाच्या तारांत शिरतात.

इतवारीतल्या दुकानदाराने मात्र दोन पायांचं काळं कॅरियर काउंटरवर आपटलं.

"घेऊन जा भाऊ, काहीच होत नाही याले. पंचवीस किलो!"

"कशावरून?"

"लिहून आहे ना त्याच्यावर."

"कोणी लिहिलं?"

"कंपनीनं."

"कोणती कंपनी?"

त्याने खोका चारी बाजूंनी फिरवून पाहिला. चारी बाजूंना 'हेवी ड्युटी' एवढंच छापलेलं होतं.

खरं म्हणजे पंचवीस किलोंचा हा सगळा डोलारा उभा राहतो मागच्या चाकाच्या आसाजवळच्या दोन भोकांवर आणि त्यातल्या पाच मिलिमीटरच्या बोल्टांवर. भोकंच नसतील तर नळीला पट्ट्या आवळत बसा. माझ्या फ्रेमला भोकं होती, पण डाव्या भोकासमोर डिस्क ब्रेक ठाण मांडून बसलेला. "वॉशर टाकून पाय बाहेर काढून देतो," दुकानदार म्हणाला. वॉशरांची चळत जितकी लांब तितका बोल्ट वाकायला मोकळा, त्यामुळे मी डिस्क ब्रेकसाठीच बनवलेलं, बाहेर वळलेल्या पायांचं कॅरियर मागितलं. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उधार मागितलं.

सायकल ग्रुपमधला एक मित्र अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूचा. लोखंडी कॅरियर अर्धा किलो जड पडतं, हे त्याने मला तर्री पोह्याची दुसरी प्लेट संपवता संपवता पटवून दिलं. माझं म्हणणं साधं होतं. वाटेत तुटलंच, तर लोखंडाला टाका मारणारा वेल्डर कुठल्याही गावात भेटतो. अ‍ॅल्युमिनियम जोडणारा शोधायला परत नागपूर गाठावं लागेल.

शेवटी लोखंडीच घेतलं, वळलेल्या पायांचं. पिशव्या टांगून अंगणात पायडल फिरवलं तर दर फेरीला टाच पिशवीवर थाप देऊ लागली. पिशव्या चार बोटं मागे सरकवल्या. बोल्टांना लॉकटाइट म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद लावला, दोन जास्तीचे बोल्ट आणि ते आवळायची चार नंबरची अ‍ॅलन की खिशात ठेवली, कारण हादऱ्याने ते सैल होणारच. किलोमीटर कमी झाले तरी चालेल, रोज सकाळी बोल्ट आवळायचेच, असं ठरवलं.

आई हे सगळं ओट्यावरून बघत होती.

"छिंदवाड्यावरूनच जाऊन राहिला ना? मग मावशीले कुरड्या-पापडाचा डबा देऊन दे."

दिला पिशवीत. संत्रा बर्फीही गेली. काकांसाठी सुट्या संत्र्यांची थैलीसुद्धा गेली.

"येताना रिकामाच येशील," आई म्हणाली, "तर तिच्याकडचं शिलाई मशीन घेऊन ये."