‘दिव्यांगाच्या नावावर गाडी घ्या, सगळं माफ’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

मेसेजचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, गाभा तोच: ‘घरात कुणाकडेही दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर गाडी त्याच्या नावावर घ्या. जीएसटी माफ, रोड टॅक्स माफ, टोल माफ, गाडीतले बदल सरकार फुकट करून देतं. शोरूमवाले हे सांगत नाहीत!’ मी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवतो, त्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी तो मला पाठवतंच. बहुतेक जण चांगल्या मनानं पाठवतात. तरी त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठेतरी घसरलेलं आहे.

आधी जीएसटी. तो माफ कधीच नव्हता, फक्त कमी होता, आणि तोही सगळ्या दिव्यांगांना नाही. सवलत होती ती अस्थिव्यंग, म्हणजे हाडं-सांध्यांमुळे हालचालीत अडचण, असलेल्यांना. अंध किंवा कर्णबधिर माणूस त्यात बसत नव्हता. गाडी चार मीटरच्या आत हवी, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. अवजड उद्योग खात्याचं प्रमाणपत्र आणायचं आणि पाच वर्षं गाडी विकणार नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. एवढं केल्यावर छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के अधिक १ टक्का उपकर याऐवजी १८ टक्के कर लागायचा. म्हणजे कराआधी पाच लाखांची गाडी ६ लाख ४५ हजारांऐवजी ५ लाख ९० हजारांना. पंचावन्न हजार वाचत. नाही म्हणत नाही.

पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के लागतात. जो दर आम्हाला खास होता तोच आता शेजाऱ्यालाही आहे, त्यामुळे फरक शून्य. मेसेज मात्र जुन्याच थाटात फिरतोय. व्हीलचेअरसकट आत जाता यावं म्हणून कुणी चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाडी घेतली, तर तिच्यावर ४० टक्के.

‘रोड टॅक्स माफ’ हे अर्धवट खरं. वाहनावरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे, त्यामुळे अटी राज्यागणिक बदलतात. दुसऱ्या राज्यातल्या भावोजींना माफी मिळाली एवढ्यावर आपलं गणित मांडू नका. आपल्या आरटीओत विचारा.

टोलच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते, आणि नाक्यावरची हुज्जत त्यातूनच सुरू होते. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत सूट आहे ती शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसासाठी खास बनवलेल्या वाहनाला. मालकाला नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काचेवर धरून उपयोग नाही. २०२० पासून नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या रकान्यात ‘दिव्यांगजन’ अशी नोंद करता येते, पण ती मालकाबद्दल बोलते. गाडी काय आहे हे आरसीवरच्या वाहनप्रकारावरून ठरतं, आणि तिथे ‘अडॅप्टेड व्हेईकल’ असं यावं लागतं.

हा शब्द मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आला. आधी तिथे ‘इनव्हॅलिड कॅरेज’, म्हणजे ‘पंगूची गाडी’, होतं, ते गेलं हे बरंच झालं. व्याख्या अशी की वाहन एकतर मुळातच तसं बनवलेलं हवं किंवा कलम ५२ नुसार त्यात बदल केलेले हवेत, आणि ते फक्त त्या दिव्यांग व्यक्तीनं किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरलं जावं. म्हणजे मुलगा दिव्यांग आईला घेऊन गाडी चालवत असेल तर चालतं. आईच्या नावावरची गाडी घेऊन तो रोज एकटा ऑफिसला जात असेल तर नाही. ‘कुणाकडेही प्रमाणपत्र असेल तर’ हे वाक्य इथेच कोसळतं.

राहिलं ‘बदल फुकट’. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी इथेच आहे, आणि मेसेज एका वाक्यात उरकतो. डावा पाय अधू असेल तर बऱ्याचदा ऑटोमॅटिक गाडीवर भागतं. उजवा असेल तर ॲक्सिलरेटर डाव्या पायाकडे आणावा लागतो. दोन्ही पाय नसतील तर ढकलायचा-ओढायचा हाताचा दांडा, आणि एका हातानं वळवता यावं म्हणून स्टिअरिंगवर मूठ. या बदलांसाठी चाचणी संस्थेनं मान्य केलेलं किट घ्या, बदल आरटीओत नोंदवा, विमा कंपनीला कळवा. न कळवता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतो.

या किटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२१ च्या परिषदेत ५ टक्क्यांवर आणला गेला. हा फायदा ठोस आहे, मेसेजात त्याचं नावही नाही. दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणारी सरकारची एडिप योजना मोटरवाली तीनचाकी देते. कारमध्ये दांडा बसवून देत नाही.

तरीही फुकटाची अफवा पूर्ण निराधार म्हणवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ सांगतं की परवडणाऱ्या खर्चात हिंडता-फिरता यावं म्हणून सरकारनं योजना आखाव्यात, आणि त्यात सवलतींच्या जोडीला वाहनांच्या रेट्रोफिटिंगचा, म्हणजे तयार गाडीत नंतर बदल करण्याचा, स्पष्ट उल्लेख आहे. फॉरवर्डच करायचं असेल तर हे कलम करा, आपल्या आमदाराला.