परागकणांचं कार्बन डेटिंग? नाही हो

'खडकातल्या परागकणाचं कार्बन डेटिंग करून कोट्यवधी वर्षांचं वय काढतात' असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. कार्बन डेटिंग साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालतं, त्यापुढे मोजण्याइतका कार्बन-14 (काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) उरतच नाही. खरी पद्धत यापेक्षा सुंदर आहे. परागकणाचं कवच इतकं चिवट असतं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये खडक विरघळतो पण ते टिकतं, मग मायक्रोस्कोपखाली त्याची नक्षी बघायची, तीन खाचांचा कण दिसला की थर साधारण 12.5 कोटी वर्षांपेक्षा जुना नाही, कारण त्याआधी असे परागकण देणारी फुलझाडं नव्हतीच. वर्षांचा आकडा येतो तो ज्वालामुखीच्या राखेच्या थरांवरून. परागकणांवरून त्या काळच्या हवामानाचाही अंदाज बांधतात, तो मात्र एका कणावरून करू नका, पाइनचे कण वाऱ्याने फार लांब जातात, त्यामुळे गवत, झाडं, सगळ्यांचं प्रमाण मोजावंच लागतं.