तेवीस पॅटर्न पाठ केले की झालं?

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: '२३ डिझाईन पॅटर्न तोंडपाठ करा, पुण्यात नोकरी पक्की. कुठल्याही भाषेत जसेच्या तसे चालतात. जितके जास्त वापराल तितका कोड भारी.'

आधी पाठांतर. २३ हा आकडा गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांच्या १९९४ च्या पुस्तकातला. चालत्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या युक्त्या त्यांनी गोळा केल्या, त्यांना नावं दिली; तेच हे डिझाईन पॅटर्न. त्यातला सिंगलटन (अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एखादी वस्तू एकच बनेल अशी तजवीज) काढून टाकावा, असं खुद्द गॅमाच २००९ मध्ये म्हणाले. आपली पोरं नेमका तोच आधी घोकतात! इंटरव्ह्यूत विचारतात, हे खरं. पण पाठोपाठ प्रश्न येतो, 'दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकदम आले तर?' तिथं घोकंपट्टीची दातखीळ बसते.

'कुठल्याही भाषेत' हे तर साफ चूक. पुस्तकातली उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली. २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात, हे संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विगनी १९९६ मध्येच दाखवलं. यादीतली एकेक गोष्ट क्रमानं हातात देणारा इटरेटर पायथॉनच्या फॉर लूपनं कधीच गिळलाय.

आता 'जितके जास्त तितकं भारी'. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याचं बिलिंग बघा. भाव दोनच, होलसेल आणि किरकोळ. तेवढ्यासाठी एका पठ्ठ्यानं इंटरफेस (भाव काढायचा सामाईक साचा) केला, दोन भावांचे दोन क्लास, त्यांच्या वस्तू बनवून देणारी फॅक्टरी, आणि फॅक्टरी एकच राहावी म्हणून वर सिंगलटन. मालक म्हणाले, 'शंभर डझनाच्या वर अर्धा टक्का सोडा.' एका ओळीचं काम, पण ती ओळ घालायची कुठं हे शोधण्यात दुपार गेली. तिथं साधा इफ-एल्स, म्हणजे 'होलसेल असेल तर हा भाव, नाहीतर तो', पुरला असता.

पुढं एक्स्पोर्टचा भाव आला, दलालीचा आला, जुन्या गिऱ्हाइकांची सूट आली. इफची शिडी लांबली असती, एकाचा भाव बदलताना दुसऱ्याचं बिल चुकलं असतं. अशा वेळी प्रत्येक भावाचा हिशोब वेगळा काढायचा, तोच स्ट्रॅटेजी नावाचा पॅटर्न. म्हणजे तो इंटरफेस तेव्हा शोभला असता. फॅक्टरी आणि सिंगलटन मात्र तेव्हाही नकोच होते.

शिकायचंच असेल तर जावाच्या प्रॅक्टिकलची फाईल काढा. फाईलरीडरभोवती बफर्डरीडर गुंडाळून ओळ-ओळ वाचता ना? तो डेकोरेटर आहे: मूळ वस्तूला हात न लावता वरून नवं काम जोडणारा पॅटर्न. गुंडाळणं काढा, फक्त फाईलरीडरवर तीच फाईल ओळीनं वाचून बघा.